दोघांचा स्वयंपाक, रोजचे प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. त्याआधी दोघांचीही मजल भात लावणं आणि अंडी उकडणं यापलीकडे गेलेली नव्हती. आता आठवड्यातले बहुतेक दिवस आम्ही घरीच रांधतो आणि त्यात मनापासून रमतो. मित्रमंडळी आली की गप्पाही ओट्याशी उभं राहूनच होतात आणि फिरून फिरून तेच प्रश्न निघतात. म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. लिहितोय मी, पण ती शेजारी बसून दुरुस्त्या सांगतेय, तेव्हा उत्तरं दोघांची समजा.

सुरुवात कुठून करावी?

एकाच साध्या पदार्थापासून, आणि तोच पुन्हा पुन्हा करून. आम्ही मसूर डाळीचं सूप धरलं. ही डाळ भिजवावी लागत नाही आणि वीसेक मिनिटांत मऊ होते, त्यामुळे नोकरीवरून दमून आल्यावरही प्रयोगाला उत्साह उरतो. पहिल्या महिन्यात हे सूप आम्ही आठ वेळा केलं असेल. एकदा लसूण सुरुवातीला तेलात परतला, एकदा तो शेवटी वरून घातला. एकदा टोमॅटो डाळीबरोबरच शिजवला, तर डाळ मऊ व्हायला बराच जास्त वेळ लागला. तेव्हा वाचून कळलं की आंबट पदार्थामुळे डाळीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही. पुढच्या खेपेला टोमॅटो डाळ शिजल्यावर घातला. आठव्या खेपेला तिने पहिला चमचा तोंडात घातला आणि काही न बोलता पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं. त्या दिवसापासून आम्हाला स्वयंपाकाची गोडी लागली असं म्हणायला हरकत नाही.

रोज नवा पदार्थ करत राहिलं तर प्रत्येक पदार्थाशी फक्त तोंडओळख होते. एकच पदार्थ आठ वेळा केला की हात बसतो, आणि तो बसलेला हात पुढच्या पन्नास पदार्थांना उपयोगी पडतो.

'सकस' म्हणजे तुम्ही नेमकं काय धरता?

कुठला आहार पाळायचा म्हणून आम्ही हे सुरू केलं नाही, पण काही आकडे डोळ्यांपुढे ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं खावीत (बटाटा आणि तत्सम कंद यात मोजत नाहीत), मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी ठेवावं, आणि वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असल्यास उत्तम. ५ ग्रॅम मीठ म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा. दोघांच्या दिवसभराच्या जेवणात आपण एरवी किती घालतो हे एकदा वाटीत काढून पाहा. आम्ही पाहिलं, आणि त्या संध्याकाळी बराच वेळ त्याच विषयावर बोलत होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अख्खं धान्य. धान्याच्या दाण्यात बाहेरचा कोंडा, आतला पिठूळ भाग आणि अंकुर असे तीन भाग असतात. पांढऱ्या पिठात फक्त मधला राहतो. तंतू, बरीचशी जीवनसत्त्वं आणि खनिजं जातात ती उरलेल्या दोन भागांबरोबर. अख्ख्या धान्याच्या पिठात अंकुरातलं तेल असतं, त्यामुळे ते लवकर खवट होतं. आम्ही थोडंथोडंच आणतो आणि फ्रिजमध्ये ठेवतो.

कुणाला मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास किंवा कसली ॲलर्जी असेल तर मात्र ताटात काय असावं हे डॉक्टरांनीच सांगावं.

दोघं एकाच ओट्याशी उभे राहता, भांडणं होत नाहीत?

पहिले काही महिने कुरबुरी व्हायच्या, आणि जवळजवळ सगळ्या मिठावरून. मग आम्ही ठरवलं की ज्याच्या हातात कालथा, मीठ त्याचं. दुसऱ्याने चव घ्यायची आणि आपलं मत एकदा सांगायचं. ते ऐकायचं की नाही हे कालथेवाल्याने ठरवायचं.

याहून जास्त उपयोग झाला तो दुसऱ्या नियमाचा. चव घेऊन नुसतं 'छान' किंवा 'ठीक' म्हणायचं नाही. काय जास्त आहे, काय कमी आहे, ते शब्दात सांगायचं: आंबट, खारट, कच्चट, सपक, तिखट, जड. सुरुवातीला शब्दच सुचत नसत. एकदा मी टोमॅटोचं सूप केलं होतं. तिने दोन चमचे घेतले, जरा थांबली आणि म्हणाली, "सुरुवात चांगली आहे रे, पण घोट गेल्यावर जीभ कोरडी पडते." मी आणखी मीठ घालायच्या बेतात होतो. तिच्या बोलण्यावरून लक्षात आलं की आंबटपणा उघडा पडलाय, त्याला स्निग्धतेची साथ हवी आहे. चमचाभर लोणी घातलं आणि सुपाची चव एकदम जुळून आली. अशी वाक्यं जेवणाबाहेरही उपयोगी पडतात असा आमचा अनुभव आहे, पण तो विषय निराळा.

कामाची वाटणी आम्ही आठवड्याला बदलतो. चिरणारा कायम चिरतच राहिला तर त्याला आचेचा अंदाज कधीच येत नाही.

तुमच्या त्या वहीत काय लिहिता?

तारीख, पदार्थ, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, काय झालं. बस्स. अट एवढीच की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पीठही वेगळं, पाणीही जास्त आणि आचही कमी केली, तर पाव चांगला झाला तरी तो कशामुळे झाला हे कळणार नाही. कुणी विचारलं की तीन वर्षांत काय शिकलात, तर माझ्याकडे हे एकच उत्तर आहे.

वहीची पानं तेलकट झाली आहेत, एका पानावर बिटाचा डाग आहे. एखादी संध्याकाळ मोकळी मिळाली की आम्ही ती वही चाळत बसतो. १४ नंबरच्या प्रयोगापुढे तिच्या अक्षरात 'परत नको' असं लिहिलंय आणि त्याखाली महिनाभराने माझ्या अक्षरात 'लिंबू घातल्यावर हवं' असं.

घरच्या भाज्या पाणचट आणि फिक्या का होतात?

हा आमचा सर्वांत आवडता प्रश्न आहे, कारण याचं उत्तर सापडलं आणि घरातलं भाज्यांचं प्रमाण आपोआप दुप्पट झालं.

भाजलेल्या अन्नाला जो खमंग वास आणि तांबूस रंग येतो तो प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या अभिक्रियेमुळे. लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून तिला माय्यार अभिक्रिया म्हणतात. ती जोमाने होते साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे. पण पाणी तर १०० अंशांवर उकळतं. कढईत भाजी ओली असेल, किंवा इतकी गर्दी असेल की सुटलेली वाफ निघून जायला वाटच नाही, तर जोवर ते पाणी आहे तोवर भाजीचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. म्हणजे आपण भाजी परततोय असं समजतो आणि प्रत्यक्षात ती वाफवत असतो.

म्हणून धुतलेली भाजी कापडावर पसरून कोरडी करा. रुंद तळाचं भांडं घ्या, ते आधी चांगलं तापू द्या. भाजी एका थरात पसरा आणि सारखी ढवळू नका. जास्त असेल तर दोन घाणे करा. ओव्हन असेल तर २०० ते २२० अंशांवर फ्लॉवर किंवा गाजराचे तुकडे, तुकड्यातुकड्यात बोटभर जागा सोडून, अर्धा तास. मध्ये एकदा उलटायचे.

कान द्यायला विसरू नका. भाजी ओली असताना कढईतून जाड, दमट फसफस ऐकू येते. पाणी आटत आलं की तो आवाज बारीक आणि कोरडा होतो, चुरचुर व्हायला लागते. नेमक्या त्या क्षणी फ्लॉवरच्या कडा तांबूस व्हायला लागलेल्या असतात. आता आम्ही दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकून सांगू शकतो की भाजी उलटायची वेळ झाली.

हिरव्या पालेभाज्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना इतकी आच नको. झाकण न ठेवता दोन-तीन मिनिटं परतल्या तरी पुरे.

कांदा 'सोनेरी होईपर्यंत' म्हणजे किती वेळ?

पाककृतीत पाच मिनिटं लिहिलेलं असतं, पण तेवढ्यात तो फक्त पारदर्शक होतो. मंद आचेवर खरोखर तपकिरी, गोडसर कांदा हवा असेल तर ३५ ते ४५ मिनिटं धरा. घाई असेल तर कांदाच कमी परतून चालेल असा पदार्थ करावा. आच वाढवली की कडा करपतात आणि मधला भाग कच्चाच राहतो.

चिरताना डोळ्यांना झोंबू नये म्हणून कांदा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा आणि सुरी धारदार वापरा. पेशी कमी चिरडल्या की डोळ्यांत पाणी आणणारा वायूही कमी सुटतो.

मीठ कमी केलं की जेवण अळणी लागतं. काय करता?

एकदम कमी करत नाही. जिभेला सवय व्हायला काही आठवडे द्यावे लागतात, म्हणून चिमटीचिमटीने उतरलो. त्याबरोबर चवीच्या इतर वाटा उघडल्या. लिंबाचे चार थेंब शेवटी पिळले की सपक वाटणारा पदार्थ जागा होतो. पुष्कळदा मीठ कमी आहे असं जे वाटतं तो खरं तर आंबटपणाचा अभाव असतो.

दुसरी वाट उमामीची, म्हणजे रश्श्याला येते तशा भरीव, तोंडात रेंगाळणाऱ्या चवीची. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ती चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला हे नाव दिलं. पिकलेला टोमॅटो, वाळवलेली अळंबी, मुरलेलं चीज या सगळ्यांत ती भरपूर असते. आम्ही वाळवलेल्या अळंबीची पूड करून बरणीत ठेवली आहे. सूप किंवा रश्श्यात अर्धा चमचा घातली की मीठ कमी असल्याचं लक्षातही येत नाही. चीज मात्र जपून घालावं, त्यात मीठ असतंच.

उरलेलं मीठ शक्यतो वाढताना वरून भुरभुरावं. ते थेट जिभेवर येतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. पाव आणि कडधान्य याला अपवाद. त्यांना मीठ आतूनच हवं.

कडधान्यं नीट शिजत नाहीत. कधी साल कडक, कधी गाळ.

आधी ती किती जुनी आहेत ते पाहा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला दाणा कितीही भिजवला आणि शिजवला तरी दगडासारखा राहतो. त्यात तुमचा काही दोष नाही.

ताजं कडधान्य आठ ते बारा तास भिजवायचं. 'मीठ घातलं की कडधान्य शिजत नाही' असं आम्हीही ऐकत आलो होतो आणि मानतही होतो. मग एका रविवारी काबुली चण्यांचे दोन वाडगे भरले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरभर पाण्यात मोठा चमचाभर मीठ. दुसऱ्या दिवशी दोन्ही वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवले. मिठाच्या पाण्यातले चणे आधी मऊ झाले, आणि त्यांची साल तर बोटांत धरल्यावर जिभेवरच्या सायीसारखी विरघळत होती. याचं कारण असं की सालीतलं पेक्टिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे घट्ट राहतं, आणि मिठातलं सोडियम त्यातल्या काहींची जागा घेऊन ती पकड सैल करतं. भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, म्हणजे जास्तीचं मीठही जातं. कडधान्य टोमॅटोत किंवा चिंचेत मात्र मऊ झाल्यावरच जायला हवं.

प्रेशर कुकरमध्ये वेळ वाचतो, कारण पूर्ण दाब आला की आतलं पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळतं. कुकरचा पूर्वज म्हणजे दनी पापँ याने १६७९ साली दाखवलेलं 'डायजेस्टर' नावाचं यंत्र. हाडंसुद्धा मऊ करण्यासाठी त्याने ते बनवलं होतं.

राजम्याबद्दल तुम्ही नेहमी बजावता, ते का?

कारण हा चवीचा प्रश्न नाही, जिवाला जपण्याचा आहे. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणे पोटात गेले तरी काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू होऊ शकतात. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात आधी निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, आणि मग पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवा. आम्ही उकळायला अर्धा तास देतो. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात राजमा थेट टाकू नये. तिथे तापमान ८० अंशांच्या आसपास रेंगाळतं आणि अर्धवट शिजलेला दाणा कच्च्याहूनही त्रासदायक ठरतो.

मोडांचंही असंच. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. आम्ही मोड कच्चे खात नाही, वाफ काढूनच खातो.

गव्हाच्या पूर्ण पिठाचा पाव घरी खरंच मऊ होतो?

होतो. आमचे पहिले तीन आतून गच्च आणि ओलसर झाले होते, चौथ्याला जमलं, आणि बदल फक्त पाण्यात केला होता. कोंडा पाणी शोषून घेतो. पांढऱ्या पिठाच्या हिशेबाने पाणी घातलं तर पूर्ण पिठाची कणीक कोरडीच राहते. शिवाय कोंड्याच्या कडा ग्लुटेनच्या, म्हणजे कणकेला ताण देणाऱ्या प्रथिनाच्या जाळीला छेद देतात. कोंडा आधी भिजून मऊ झाला तर हा त्रास कमी होतो.

सध्याचं प्रमाण असं आहे: ५०० ग्रॅम पीठ, ३९० ग्रॅम पाणी, १० ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. आधी फक्त पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवायचं. ही रीत रेमाँ काल्वेल या फ्रेंच पावतज्ज्ञाची. १९७४ साली त्यांनी ती मांडली आणि तिला 'ऑटोलिझ' म्हटलं. अर्ध्या तासाने झाकण काढलं की फरक हाताला कळतो. मघाशी जी कणीक ओढल्यावर तुटत होती ती आता ताणली जाते. मग मीठ आणि यीस्ट घालून आठ-दहा मिनिटं मळायचं. कणीक हाताला चिकटेल, पण वरून पीठ भुरभुरायचा मोह टाळा, हात ओले करा.

दीडपट फुगली की आकार द्यायचा, साच्यात घालायचं, पुन्हा फुगू द्यायचं. बोटाने हलकेच दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला तर पाव भट्टीत जायला तयार आहे. खळगा झटकन भरला तर अजून थांबा. २२० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. तळाशी बोटाने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ९५ अंश.

यानंतरचा एक तास सर्वांत अवघड. घरभर वास सुटलेला असतो आणि पाव कापायचा नसतो, कारण आतला स्टार्च अजून बसायचा असतो. गरम कापला तर आतून चिकट लागतो. आम्ही तो जाळीवर ठेवून फिरायला जातो.

दही कधी घट्ट, कधी तार सुटलेलं. नेमकं कसं लावता?

दूध ८५ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं त्याच आसपास ठेवतो. या तापमानाला दुधातली निवळीची प्रथिनं उलगडून केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात आणि दही घट्ट लागतं. मग ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवू देतो. थर्मामीटर नसेल तर स्वच्छ करंगळी बुडवून पाहा. दहा सेकंद सुखाने राहिली पाहिजे, पण ऊब जाणवली पाहिजे. अर्ध्या लिटरला एक छोटा चमचा विरजण घालून नीट ढवळायचं आणि भांडं गुंडाळून ठेवायचं. सहा-सात तास त्याला धक्का लावायचा नाही.

स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हे दोन जीवाणू एकमेकांना मदत करत दुधातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. दूध फार गरम असेल तर ते मरतात. गार असेल तर सुस्तावतात आणि भलतेच जीवाणू पुढे सरसावतात, त्यातूनच बहुधा तार सुटते.

शिजवल्यावर जीवनसत्त्वं निघून जातात ना? मग कच्चंच खावं का?

दोन्ही खावं. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने कमी होतं, म्हणून ढोबळी मिरची, कोबी आम्ही थोडी कच्ची खातो आणि बाकीची वाफवतो. भाजी उकळलीच तर ते पाणी सुपात जातं. पण टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं. गाजरातलं बीटा कॅरोटीन (शरीर ज्यातून 'अ' जीवनसत्त्व बनवतं ते) शोषायला थोडं तेल लागतं, म्हणून गाजराच्या कोशिंबिरीवर चमचाभर तेल घालायला कचरू नका.

एक जोडी आवर्जून सांगतो. डाळी, कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही. त्याच जेवणात लिंबू, संत्रं किंवा ढोबळी मिरची असेल तर ते जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा किंवा कॉफी घेतली तर उलट होतं. तिचं हिमोग्लोबिन कमी आल्यावर डॉक्टरांनीच हे समजावलं होतं. तेव्हापासून चहा जेवणानंतर तासाभराने होतो, आणि तो दोघं बरोबरच घेतो.

वजनकाटा हवाच का?

पाव आणि केकसाठी हवा. एक कप पीठ सैल भरलं तर १२० ग्रॅम, दाबून भरलं तर १५० ग्रॅम. एवढ्या फरकाने पदार्थ बदलतो. सूप, भाजी, डाळ यांना अंदाज पुरतो.

रोज इतका वेळ कुठून मिळतो?

रोज मिळत नाही. रविवारी दोन तास काढतो. एक धान्य, एक कडधान्य, एक मोठं तबकभर भाजलेल्या भाज्या आणि एक चटकदार सॉस करून ठेवतो. सॉस म्हणजे घट्ट दही, किसलेला लसूण, लिंबू, मीठ, किंवा भाजून वाटलेली लाल ढोबळी मिरची आणि तीळ. सोमवारी भात, चणे, भाज्या आणि सॉस असा वाडगा होतो, मंगळवारी त्याच चण्यांचं सूप. बुधवारी उरलेल्या भाज्या अंड्यांत जातात. शिजलेलं कडधान्य जेवणापुरत्या वाट्यांत भरून गोठवलं तर महिनाभर साथ देतं.

आठवड्यातून एखादा दिवस आम्ही पावावर अंडं ठेवून मोकळे होतो. तेही घरचंच जेवण आहे.

उरलेलं अन्न किती दिवस चालतं?

शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. फ्रिज ५ अंशांच्या खाली असावा. मोठं पातेलं तसंच आत सरकवलं तर मधला भाग कितीतरी वेळ कोमट राहतो, म्हणून उथळ डब्यांत काढावं. तीन दिवसांत संपवतो, आणि परत गरम करताना आतपर्यंत कडकडीत वाफ येईपर्यंत करतो.

भाताकडे खास लक्ष द्या. बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही तगतात. भात बाहेर राहिला तर ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून 'नीट गरम केला की चालतो' हे रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताला लागू नाही. तसंच तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवू नये. हवा नसलेल्या तेलात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो.

कच्चं चिकन धुवावं का?

नको. पाण्याचे शिंतोडे जंतू ओटाभर पसरवतात. आतपर्यंत ७४ अंशांना शिजलं की जंतू उरत नाहीत. चिरायची पाटी आणि सुरी मात्र साबणाने धुवा, आणि भाज्यांसाठी पाटी वेगळी ठेवा.

गोड सोडलंत का?

नाही. केकमधली साखर एक चतुर्थांश कमी केली, तेवढ्याने चव बिघडत नाही. त्याहून कमी केली तर केक कोरडा होतो, कारण साखर ओलावाही धरून ठेवते. अति पिकलेलं केळं कुस्करून घातलं की गोडवा आणि ओलावा दोन्ही मिळतात. साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला म्हणून हात सैल सोडायचा नाही, तीही साखरच आहे.

एकाला आवडतं आणि दुसऱ्याला नाही, अशा वेळी?

मला वांगं आवडत नसे. तिने सक्ती केली नाही, पण दर वेळी वेगळं करून एक घास पुढे केला. भाजलेलं, वाफवलेलं, पातळ काप करून कुरकुरीत केलेलं. कुरकुरीत कापांशी माझं जमलं. तेव्हा कळलं की नावड वांग्याची नव्हती, लिबलिबीतपणाची होती. नावडता पदार्थ टाकून देण्याआधी त्याचा पोत बदलून पाहावा. बिटाच्या बाबतीत तिचं अजून जमलेलं नाही, आणि ते तसंच राहिलं तरी चालेल.

सध्या काय चालू आहे?

खिडकीत एक काचेची बरणी आहे. तिच्यात गव्हाचं पूर्ण पीठ आणि पाणी, दुसरं काही नाही. पिठातल्याच रानटी यीस्टवर आणि लॅक्टिक आम्लाच्या जीवाणूंवर पाव फुगवायचा आहे. रोज थोडं मिश्रण काढून तेवढंच ताजं पीठ-पाणी घालतो. दुसऱ्या दिवशी भरपूर बुडबुडे आले, मग चौथ्या-पाचव्या दिवशी सगळं थंड पडलं. सुरुवातीचे बुडबुडे दुसऱ्याच जीवाणूंचे असतात आणि आंबटपणा वाढला की ते मागे हटतात हे वाचलेलं होतं, म्हणून धीर धरला. बरणीला पातळीच्या खुणेसाठी रबरबँड लावला आहे. आज नववा दिवस. सकाळी सातला खाऊ घातलं होतं. आत्ता एक वाजता ती खिडकीशी वाकून बघतेय आणि मला हाक मारतेय, मिश्रण रबरबँडच्या दुप्पट वर आलंय. पीठ मोजायला घेतो.